सळई घट्ट धर

भडक्या मिस्त्रीचं खरं नाव गल्लीत कुणालाच आठवत नव्हतं. लोकांचा राग नाकावर असतो, याचा हातात होता. बायकोने बरीच वर्षं सोसलं आणि एक दिवस ती माहेरी निघून गेली. लेक तेवढी राहिली, कारण तिला इंजिनांचं वेड होतं आणि ते बापाकडूनच आलेलं होतं. राहताना मात्र तिने स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा, एकदा जरी माझ्यावर हात उचललात, तर मी आईकडे जाईन. मग परत यायची नाही." त्याने तसा शब्द दिला होता आणि आजवर तो पाळला होता. याबद्दल स्वारी स्वतःवर फार खूश असे.

त्या दुपारी बेंचवर त्याच्या मेलेल्या बापाच्या मोटरसायकलचं इंजिन होतं. कित्येक वर्षं ती गाडी मागच्या खोलीत गंजत पडली होती. हेड निघालं, सिलिंडर निघाला, पिस्टन निघाला. मग शाफ्टच्या टोकावरचा नट आडवा आला.

नुसता घट्ट नट असता तर भडक्याने त्याला केव्हाच सरळ केलं असतं. पण हा बसला होता फिरत्या शाफ्टवर. पान्याला जोर लावला की नटासकट शाफ्टच गरकन फिरायचा. म्हणून कनेक्टिंग रॉडच्या वरच्या भोकातून जाड सळई घालायची, ती दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवी टेकवायची आणि एकाने ती दाबून धरायची. धरणाऱ्याची बोटं सळईखालीच असतात. सळई उसळून परत आदळली की बोटं चेचलीच म्हणून समजा.

भडक्याच्या डाव्या हाताची दोन बोटं अशी चेचलेली होती. लहानपणी याच इंजिनाची हीच सळई तो धरायचा. ती हलली की बाप हातातल्या पान्यानेच हाणायचा. एकदा कानावर हाणला, तेव्हापासून तो कान कामातून गेला. बाप मेला तेव्हा भडक्या रडला नव्हता, उलट त्या दिवशी त्याला चांगली झोप लागली होती.

"घट्ट धर," तो लेकीला म्हणाला.

तिने धरली. त्याने दातओठ खाऊन पाना ओढला. पाना नटावरून निसटला आणि त्याच्या बोटांची सालटी निघाली. त्याने बापाला आईवरून शिवी दिली. मग बत्ती पेटवून नट लाल होईपर्यंत भाजला, पान्यात पाइप घातला आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. नट केसभर सरकला.

"हलला!" तो ओरडला.

"बाबा, सुटत नाहीये. अजून बसतोय. हे आटे बघा ना..."

"तू सळई बघ."

मग छिन्नी आली. घणाचे घाव बसू लागले तसा नटाचा एक कोपरा उडाला. एक कपची लेकीच्या गालात घुसली आणि रक्ताचा ओघळ हनुवटीपर्यंत आला. तिने सळई सोडली नाही.

"बाबा, थांबा! हे आटे..."

"तोंड बंद कर आणि धर!"

पुन्हा पाइप, पुन्हा सगळा भार. ठोकळा तडकला, सळई उसळली आणि भडक्या तोंडावर बेंचच्या कडेवर आपटला. तळपायाची आग मस्तकात गेली. उठता उठता त्याने हात फिरवला, तेव्हा पाइप हातातच होता.

पाइप तिच्या तोंडावर बसला. ती टायरांच्या चळतीवर कोसळली, चळतही तिच्या अंगावर आली.

"धरता येत नाही तर हात कशाला दिलेत देवाने?"

वाक्य जुनंच होतं, शब्द न् शब्द त्याच्या बापाचं. ते आपल्या तोंडून निघालेलं भडक्याने ऐकलं. त्याने पाइप टाकून दिला. उशीर झाला होता, हे त्यालाही कळत होतं.

लेक टायर ढकलून उठली. ओठ फाटला होता. तिने रक्त थुंकलं, त्याबरोबर दाताचा तुकडाही पडला. तिने पाइप उचलला, घण उचलला आणि ती त्याच्याकडे आली. आता ही मारणार, आणि मारू दे, असं त्याला मनापासून वाटलं.

"आता तुम्ही धरा," ती म्हणाली.

तिने नवा ठोकळा सरकवला. तो निमूट स्टुलावर बसला आणि वाकड्या बोटांनी सळई धरली. तिने नट पुन्हा तापवला, पान्यात पाइप घातला आणि घण डोक्यावर नेला. भडक्याने मान खांद्यात ओढून डोळे गच्च मिटले. घाव बसला, दुसरा बसला. तिसऱ्याला काहीतरी कर्रकन वाजलं. तो दुखण्याची वाट बघत राहिला.

"डोळे उघडा, बाबा. बघा इकडे."

पाना भलत्याच बाजूला फिरत होता आणि नट सुटत होता.

"उलटे आटे आहेत. शाफ्टचं टोक नटाबाहेर आलंय, त्याच्यावर स्वच्छ दिसतंय. दोनदा सांगायला गेले. तुम्ही लहानपणापासून हे इंजिन धरताय, तुम्हाला कधी दिसलं नाही?"

"नाही," तो म्हणाला. "नट सुटायच्या वेळी मी डोळे मिटून असायचो."

"मी नाही मिटले."

उरलेला नट तिने पकडीने काढून बेंचवर ठेवला. नळावर तोंड धुतलं, ओठाला फडकं लावलं आणि खुंटीवरची पिशवी घेतली.

"पोरी, चुकलो मी. परत नाही होणार."

ती दारात थांबली. "आजोबा पण असंच म्हणायचे?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," तो म्हणाला. "ते एकदाही म्हणाले नाहीत."

"मग तुम्ही त्यांच्यापेक्षा बरे," ती म्हणाली आणि गेली.

भडक्या बसल्या जागी सळई धरून राहिला. नट निघाला होता, शाफ्ट मोकळा झाला होता, धरायची काही गरज नव्हती. पण त्याच्याने ती सोडवेना. सोडली की मार बसेल, असं त्याला अजून वाटत होतं.