उसनी दिलेली बाळंतीण

सकाळी सकाळीच थोरलीचं जावईबापूशी जुंपलं होतं.

जावईबापू म्हणजे घरातला कोंबडा. नाव थोरलीनेच ठेवलेलं. काम काडीचं नाही, छाती काढून अंगणभर फिरायचं आणि दाणे टाकले की पहिला मान याचा, मग दुसरं काय नाव ठेवणार? आदल्या दिवशी त्याने सुनेच्या पोटरीला चोच मारली होती आणि आता खुराड्याच्या दारात ठाण मांडून मागच्या कोंबड्यांना बाहेर येऊ देत नव्हता. थोरली त्याला झाडूने ढोसत सांगत होती, तुझ्यासारख्यांचे तोरे पुष्कळ पाहिलेत, एक दिवस पातेल्यात जाशील तेव्हा कळेल. पिसं फुटल्यापासून तो हे ऐकत आला होता. त्याने मान तिरकी करून तिच्याकडे एका डोळ्याने बघितलं आणि निवांत बाजूला झाला.

मग एकेक बाहेर पडली. डोक्यावर पिसांचा झुपका असलेली टोपीवाली. दुसऱ्यांच्या परसात अंडी घालून येणारी भटकभवानी. लहानपणी दारात पाय चेमटलेली लंगडी. आणि सगळ्यांत शेवटी, अंग फुगवून, पाटलिणीच्या तोऱ्यात, बाळंतीण. ही काळीभोर कोंबडी वर्षात जेव्हा बघावं तेव्हा खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आतुर. हिच्या पोटाखाली अंडी सरकवली की एकही वाया जायचं नाही. बाकीच्या कोंबड्या अर्ध्यात कंटाळून उठतात, ही वाळून काटकी होईल पण अंडी सोडायची नाही. थोरली गावभर सांगायची, आमच्या बाळंतिणीच्या पोटाखाली गोटा ठेवला तरी त्याला चोच फुटेल.

थोरली हे नाव तिला सासरी आल्यावर पडलं. दिराचं लग्न झालं तेव्हा धाकटी आली, म्हणून ही थोरली. एके काळी या घरात भाकरीच्या पिठापासून बी-बियाण्यापर्यंत सगळं तिला विचारून व्हायचं. शेत लेकाने हातात घेतलं, ते बरोबरच होतं. चूल कधी गेली ते मात्र तिला कळलंच नाही. एकदा ती भाजीत मीठ घालायला उठली तर सून म्हणाली, "घातलंय आत्या." तेवढंच. सून वाईट नव्हती. पण त्या दिवसापासून थोरली स्वयंपाकघरात गेली की पाहुण्यासारखी दाराशीच उभी राहायची.

राहिलं ते खुराडं. कुठली अंडी खायची, कुठली बसवायची, कोणती तरणी तलंग ठेवायची आणि कोणती द्यायची, तिथे अजून तिचा शब्द चालायचा. अंडं उन्हाच्या तिरिपीला धरून ती सांगायची, यात जीव आहे, हे पोकळ, हे तळा. लेक असो की सून, कुणी आडवा शब्द काढायचं नाही.

आणि घराला त्या कोंबड्यांचा लळाही होता. संध्याकाळी सगळी ओसरीवर बसायची आणि कोंबड्या रांगेने आत जाताना प्रत्येकीची थट्टा व्हायची. लेक दिवसभराच्या कामाने वाकलेला असायचा, पण भटकभवानी सगळ्यांत उशिरा डुलत डुलत आली की म्हणायचा, आल्या बाईसाहेब गाव फिरून. सून पदर तोंडाला लावून हसायची. नात कडब्याच्या गंजीच्या भोकात हात घालून अंडी शोधायची आणि गरम अंडं गालाला लावून बसायची. एकदा टोपीवालीने लेकाच्या घडी घातलेल्या सदऱ्यात अंडं घातलं, तर त्याने तो सदरा आठवडाभर हलवू दिला नाही. म्हातारा, म्हणजे थोरलीचा नवरा, कानाने अधू. त्याला घरातला एकच आवाज धड ऐकू यायचा, जावईबापूचा. तो बाजेच्या कडेवर बसून आरवायचा आणि म्हातारा डोळे मिटून म्हणायचा, उजाडलं. बायको उशाशी बसून ओरडली तरी ऐकू न येणाऱ्या माणसाला कोंबड्याचं बरं ऐकू येतं, यावर थोरलीने बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं.

तर त्या दिवशी जावईबापूशी भांडण मिटतंय तोच दारात धाकटी उभी.

वाटणी झाल्यापासून धाकटी गावाच्या दुसऱ्या टोकाला, रस्त्याकडेच्या नव्या घरात राहत होती. येणंजाणं लग्नामर्तिकापुरतं. पाणी झालं, बसणं झालं, इकडचं तिकडचं झालं. शेवटी पायरीवरचा कचरा नखाने टोकरत धाकटी म्हणाली की तिच्याकडे चांगली मोठी अंडी साठलीत, पण बाजारातून आणलेल्या कोंबड्यांतली एकही बसायला तयार नाही. तुमची काळी तेवढी मिळाली असती तर. रीतीप्रमाणे निघालेल्या पिल्लांत अर्धी तुमची.

थोरलीला आतून गुदगुल्या झाल्या. नव्या घरात राहायला गेलेली, बाजारातल्या उंची कोंबड्या आणणारी, शेवटी आली ना आपल्या खुराड्यापाशी. तिने लगेच हो म्हटलं नाही. आधी बाजारच्या कोंबड्यांवर बोलून घेतलं, की दिसायला नटव्या आणि अंगात माया नाही, जशी घेणारी तशा त्या. मग म्हणाली, "अर्धी वाटणी तुलाच ठेव. मला काही पिल्लांचा दुष्काळ पडलेला नाही."

धाकटीने ते गिळलं.

खुडूक कोंबडी दिवसा हलवत नाहीत, बिथरते. अंधार पडू लागला की टोपलीत घालून वर फडकं टाकायचं, म्हणजे तिला वाटतं आपण जागच्या जागीच आहोत. दिवेलागणीला थोरली स्वतः टोपली घेऊन निघाली. सून म्हणाली, मी पोचवते की. थोरली म्हणाली, तुला नाही जमायचं. आणि गावाच्या ऐन मधून, चार जणींनी विचारावं अशा चालीने गेली. चार जणींनी विचारलं. चारही जणींना तिने सांगितलं.

पिल्लं निघायची वेळ भरत आली होती. एका दुपारी धाकटीच बाळंतिणीला काखेत मारून आली. कोंबडी अंगणात सोडली आणि उभ्या उभ्याच म्हणाली की अंडी पोकळ निघाली, एकातही जीव नव्हता, उगाच तुमच्या कोंबडीला ताटकळत ठेवलं. पाणीसुद्धा प्यायली नाही, गेली.

आता इथे थोरलीने थांबून विचार करायला हवा होता. बाळंतिणीखालची सगळीच्या सगळी अंडी पोकळ निघतील का? पण विचार कुठला. तिला तर पेढा मिळाल्यासारखं झालं. बाजारातला कोंबडा, नुसता रंगीत तुरा, अंगात काही नाही, हे ती त्या दिवशी ओसरीवर तीनतीनदा बोलली. म्हाताऱ्याच्या कानाशी जाऊनसुद्धा बोलली.

सून मात्र कोंबडीकडे बघत होती. बाळंतीण अंग फुगवून, डोळे मिटून एका जागी उभी होती. सून हळूच म्हणाली, "आत्या, हिला चार दिवस वेगळ्या डालग्याखाली ठेवू या का? पाणवठ्यावर बायका बोलत होत्या, रस्त्याकडच्या कोंबड्या मरतायत म्हणून."

बोलणं साधंच होतं. पण ते खुराड्याबद्दल होतं. थोरलीला तो मिठाचा दिवस आठवला. इथेही आता ही मला शिकवणार. ती म्हणाली, "अंड्यांवरून उठलेली कोंबडी कधी बघितलीस का? अशीच असते. फुगलेली, उपाशी. बायकांचं ऐकून कोंबड्या पाळल्या असत्या तर आज खुराड्यात उंदीर असते."

आणि बाळंतिणीला तिने स्वतःच्या हाताने आत सोडलं. सगळ्यांच्या मध्ये, नेहमीच्या जागी. दार लावताना सुनेकडे बघून लावलं.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. खुडूक बसून उठलेली कोंबडी तशीच दिसते. म्हणून तर दोन दिवस कुणाला काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी बाळंतीण खुराड्याच्या कोपऱ्यात मान पाठीवर टाकून, पाय ताणून पडलेली सापडली. खाली हिरवी पातळ शीट.

त्यानंतर सावरायला उसंतच मिळाली नाही. टोपीवाली सकाळी दाणे टिपताना गोल गोल फिरायला लागली, जसं कुणी तिच्या मानेला दोरी बांधून फिरवतंय. भटकभवानी त्या दिवशी कुठे गेली नाही, भिंतीला टेकून चोच उघडी टाकून श्वास घेत राहिली. थोरलीने लसूण ठेचून भरवला, हळदीचं पाणी चोचीत सोडलं, राख पसरली. रात्रंदिवस खुराड्यापाशी बसून. लेकाने गुरांच्या डॉक्टरला आणलं. डॉक्टर अंगणात आलाच नाही, कुंपणापाशीच उभा राहिला. म्हणाला, ही मानमोडी. हिचं औषध कोंबड्या धडधाकट असताना द्यायचं असतं, लागण झाल्यावर काही नाही. खोल खड्डा करा, वर चुना टाका. आजारी कोंबडी बाहेरून आणली होती का?

थोरलीने सुनेकडे बघितलं. सून जमिनीकडे बघत होती. लेक म्हणाला, माहीत नाही.

लेक आणि सून मिळून परसात खड्डा खणायचे आणि बुजवायचे. नातीने लंगडीला आपल्या पांघरुणात लपवून ठेवलं होतं, कुणी नेऊ नये म्हणून. लंगडी तिथेच गेली. पोर रडली नाही, नुसती घट्ट धरून बसली. शेवटी सुनेला तिची बोटं एकेक सोडवावी लागली.

जावईबापू सगळ्यांत शेवटी गेला. तोवर तोरा टिकवून होता. मेला तेव्हा खुराड्याच्या दारातच पडला, वाट अडवून. दुसऱ्या सकाळी म्हातारा बराच वेळ अंथरुणात पडून राहिला. थोरली चहा घेऊन गेली तर कानात बोट घालून म्हणाला, "आता पार गेले वाटतं माझे कान. त्याचंही ऐकू येईना." थोरलीने त्याला खरं सांगितलं नाही.  कप ठेवून ती तडक बाहेर पडली ती धाकटीच्या घरी.

वाटेभर ती शब्द जुळवत होती. कुठून सुरू करायचं, कुठे नेऊन संपवायचं, मध्ये सासूचं काय काढायचं, सगळं तयार होतं. धाकटीच्या अंगणात पोचली तर खुराड्याचं दार सताड उघडं. एक पीससुद्धा हलत नव्हतं. परसात ताज्या मातीचा उंचवटा आणि वर चुना. धाकटी पायरीवर बसली होती. थोरलीला बघून उठलीही नाही.

थोरलीने जुळवलेलं सगळं तिथेच सांडलं. तिने एवढंच विचारलं, "तुझ्याकडे मरत होत्या, हे तुला माहीत होतं."

"होतं."

"आणि अंडी?"

"अंडी चांगली होती. आतून टकटक ऐकू यायला लागली होती." धाकटी चुन्याकडे बघत होती. "तुमची कोंबडी माझ्या घरी मेली असती तर तुम्ही मला गावात तोंड दाखवू दिलं नसतं. म्हणून उठवली आणि आणून दिली. अंडी गार पडली."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं, जाऊबाई. पण तुम्ही पहिलं काय म्हणाला असता?"

 आपण काय म्हणालो असतो ते थोरलीला शब्दन् शब्द माहीत होतं. बाजारच्या कोंबड्या, नवं घर, जशी घेणारी तशा त्या. बोललीही असती आणि चार जणींना सांगितलंही असतं. तिला एकदम त्या कवचातली टकटक ऐकू आल्यासारखं झालं. ती थोडा वेळ त्याच पायरीवर टेकली.  मग उठून घरी आली.

घरी सून खुराड्याला चुना फासत होती. थोरली मागे जाऊन उभी राहिली. तिला वाटलं, आता ही बोलेल. बोलू दे. बोलली की आपण उलटून बोलू, मग ती रडेल, लेक मध्ये पडेल, आणि घर पुन्हा घरासारखं होईल. सुनेने कुंचा चुन्यात बुडवला. शेवटी थोरलीनेच काढलं, "डालग्याखाली ठेवा म्हणाली होतीस."

सुनेचा हात थांबला. मागे न वळता ती म्हणाली, "मला तरी कुठे खात्री होती आत्या." आणि फासत राहिली. खोटं बोलली. थोरलीला ते ऐकून मारल्यासारखं झालं. आयुष्यभर तिने लोकांना असं सोडलं नव्हतं आणि हिने एका वाक्यात सोडून दिलं.

पुढे लेक म्हणाला, पावसाळा गेला की नवी पिल्लं आणू.  डॉक्टरने सांगितलं होतं, इतक्यात त्या जागी काही ठेवू नका. संध्याकाळी ओसरीवर आता कुणी बसत नव्हतं. ज्याचं त्याचं जेवण झालं की जो तो आपापल्या भिंतीकडे तोंड करून झोपायचा.

थोरली सवयीने पहाटे उठायची. उठून करायचं काय, हा प्रश्न होता. अंगण झाडून व्हायचं, त्यात झाडण्यासारखं काही नसायचं. एके सकाळी ती अशीच इकडून तिकडे फिरली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. सून चुलीपुढे होती. थोरलीने चौकटीला हात लावला. मग म्हणाली, "मी काय करू गं?"

सुनेने वळून बघितलं. या घरात आल्यापासून तिने सासूच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं.  मग कोपऱ्यातलं भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप उचलून तिने थोरलीपुढे सरकवलं आणि नातीला सांगते तशा मऊ आवाजात म्हणाली, "या एवढ्या सोला."

थोरली आत येऊन भिंतीला टेकून बसली. एक शेंग सोलली. दाणे मुठीत घेऊन तशीच राहिली.

"कशात टाकू?"

"त्या पातेल्यात," सून म्हणाली.

थोरलीने दाणे पातेल्यात टाकले आणि दुसरी शेंग घेतली.