बिननावाचा आंबा

अंबुबाईंच्या जिभेला निघोज्यातले लोक दोन कारणांनी वचकून असत. एक म्हणजे ती जीभ भांडणात कुणाला मागे हटत नसे, आणि दुसरं म्हणजे आंब्याच्या बाबतीत ती खोटं बोलत नसे. भांडणातलं बोलणं माणूस विसरून जातं. पण आपल्या बांधावरच्या आंब्याला अंबुबाईंनी ‘पाव्हणं आलं तर पुढं करू नका’ असं म्हटलेलं कोण विसरेल?

आता निघोज्यात बांध उरलेत किती, हा प्रश्न वेगळा. चाकणच्या कंपन्या सरकत सरकत दारापर्यंत आल्या, शेतांत शेड उभ्या राहिल्या, आणि ज्यांच्याकडे थोडीफार जमीन उरली त्यांनी तिच्यावर कामगारांसाठी खोल्या बांधल्या. अंबुबाईंच्या मुलाने, जयदीपनेही घरामागे खोल्यांच्या दोन रांगा काढल्या. पण त्या बांधताना शेप्या, खोबऱ्या, गोट्या आणि केळ्या या चार जुन्या आंब्यांना त्याने हात लावला नाही. केळ्यासाठी तर एका खोलीची भिंत वाकडी घेतली; त्या खोलीत कपाट बसत नाही म्हणून भाडेकरू टिकत नाही, तरी घेतली.

कारण घराचा नियम होता. अंबुबाईंचे सासरे सोनबा यांनी तो घालून दिला होता. कोयीपासून उगवलेलं आंब्याचं झाड आईवर जात नाही, आपल्याच वळणावर जातं, म्हणून प्रत्येकाला आपलं वेगळं नाव लागतं. ज्याला शेपूचा वास तो शेप्या, ज्याचा गर खोबऱ्यासारखा घट्ट तो खोबऱ्या. झाडाने पहिल्यांदा फळ धरलं की ते अढीत पिकवायचं, घरातल्या थोरल्या बाईने सगळ्यांसमोर चोखायचं, आणि कोय हातातून खाली ठेवायच्या आत नाव सांगायचं. नाव मिळालं की झाड घरचं झालं, त्याला कुऱ्हाड लावायची नाही. नाव नाही मिळालं तर ते सरपणाचं.

यंदा पाचव्या झाडाने फळ धरलं होतं, आणि नेमकं तेच जयदीपच्या नव्या खोल्यांच्या पायाच्या जागेत येत होतं. जेसीबी सोमवारचा सांगून ठेवला होता.

“नाव मिळालं तर मी खोल्या दुसरीकडं सरकवीन, आई,” जयदीप म्हणाला होता. “पण न्हाई मिळालं, तर मग माझ्यावर रुसायचं न्हाई.”

“मी कशाला रुसंन? नियम काय तुज्यासाठीच हाय व्हय?” अंबुबाई म्हणाल्या खऱ्या, पण त्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागेना.

ते झाड विजयश्रीचं होतं. औशाकडची ही पोर, नवऱ्याची कंपनी चाकणला म्हणून मागच्या खोलीत राहायला आली आणि आल्या आल्या अंबुबाईंशी पाण्याच्या नळावरून भांडली. चांगली तोडीस तोड भांडली. अंबुबाईंना इतकी आवडली, की दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला पिठलं नेऊन दिलं. पहिल्या उन्हाळ्यात तिने माहेरचे आंबे आणले, साखरेसारखे गोड. दोघींनी धुण्याच्या दगडावर बसून कोपरापर्यंत ओघळ येईतो खाल्ले आणि कोया तिथंच मागे भिरकावल्या. त्यातली एक रुजली. पुढे अंबुबाई न्हाणीत पडून कंबरेतून उठेनाशा झाल्या, तेव्हा सून तनुजा बाळंतपणाला गेलेली. विजयश्रीने त्यांना उचललं, न्हाऊ घातलं, वेणी घातली, आणि वर ‘काकू, हाडं हायत का दगडं’ म्हणून चिडवलं. अंबुबाईंना लेक नव्हती. ही उणीव त्या कुणापाशी बोलल्या नव्हत्या, पण विजयश्री आल्यापासून ती त्यांना जाणवेनाशी झाली होती. मग नवऱ्याची कंपनी वाळूजला हलली आणि विजयश्रीही गेली. मागे राहिलं ते एवढं झाड. गुडघ्यांमुळे अंबुबाईंचं मागे जाणं सुटलं होतं, पण मागच्या खिडकीतून त्या त्याचा शेंडा रोज बघत. झाडापलीकडे नवा रस्ता झाला होता. सावलीला माणसं बसलेली खोल्यांमधल्या बोळातून दिसत, एवढंच.

रविवारी घर जमलं. अढीतून काढलेला आंबा तनुजाने धुऊन देवापुढे ठेवला, मग सासूच्या हातात दिला. रंग तर झकास होता. अंबुबाईंनी त्याला हळूहळू माचवून मऊ केलं, देठ काढला, चीक पिळून टाकला आणि तोंडाला लावला.

आंबट होता. नुसता आंबट नाही, डोळ्यांत पाणी आणणारा. वर रेषाच रेषा. अंबुबाईंनी चेहरा हलू दिला नाही. त्यांनी पुन्हा चोखला. कुठे जिऱ्याचा वास, कुठे गुळाची झाक, काहीतरी लागेल म्हणून जीभ फिरवली. काही नाही. आकार म्हणावा तर चारचौघांसारखा. आंबटपणाला नाव ठेवावं, तर आंबट आंबे गावात ढिगाने. त्याने ओळख पटत नाही, आणि ओळख पटत नसेल तर ते नाव नव्हे, असं सोनबांनीच सांगितलेलं. कोय पांढरी होईपर्यंत त्या चोखत राहिल्या. नात एकदा हसली, तिला तनुजाने डोळ्यांनी गप्प केलं.

जयदीपला राहवलं नाही. आईचा जीव कशात आहे हे त्याला कळत नव्हतं असं थोडंच होतं!

“आई, साखऱ्या म्हण,” तो हळूच म्हणाला. “तू म्हणशील ते मी मानतो. खोल्यांचं बघू काय ते.”

अंबुबाई उसळल्या. “खोटं नाव ठिवू? उद्या तुझी पोरं साखऱ्या म्हणून तोंडात घालतील आन म्हणतील, आजी गंडवून गेली. आन हिरीजवळचं ते झाड? तनुजाला किती आवडायचं. मीच म्हणले, याला नाव न्हाई, आन तुमी गोठ्यासाठी तोडलं. तवा तिच्या रडण्याला थांबला न्हाई, तर माज्या रडण्याला का थांबावं?”

तनुजाने मान खाली घातली. अंबुबाईंनी कोय ताटलीत ठेवली. या घरात बिननावाची कोय त्यांनी फार वेळा खाली ठेवली नव्हती.

“काढ उद्या,” त्या म्हणाल्या आणि हात धुवायला उठल्या. नळ बराच वेळ चालू राहिला.

संध्याकाळी विजयश्रीचा फोन आला. “काय करायलाव काकू? आंबा कसा निघाला?”

“आंबट हाय गं. लई आंबट.”

ती खदखदून हसली. “माझ्यावर गेला म्हणायचा! नाव काय ठेवलाव?”

अंबुबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “सांगते उद्या,” एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि भाकरी न खाताच आडव्या झाल्या.

सोमवारी सकाळी त्या पुढच्या ओट्यावर, घराकडे पाठ करून लसूण सोलत बसल्या. मागे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. जेसीबीवाला मात्र काही येईना. आता गावात सगळ्या गल्ल्या सारख्या आणि सगळ्या खोल्यांना एकच पिवळा रंग. तो बिचारा भलत्याच अंगणात शिरून शिव्या खाऊन बसला होता. जयदीप अंगणात येरझाऱ्या घालत फोनवर ओरडत होता.

“अरे भावा, शाळेवरनं नको, नव्या रस्त्यानं ये. न्हाई सापडत? मग विचार ना कुणालाबी, डब्या आंबा कुठं हाय म्हणून! व्हय, डब्या! शेंबडं पोर सांगंल. त्याच्याखाली लाव मशीन, आलोच मी.”

फोन खिशात घालून तो वळला, तर आई त्याच्याकडे बघत होती.

“काय म्हणलास त्याला?”

“कुणाला?”

“झाडाला.”

जयदीपने मागच्या बाजूला मान वळवली. मग सावकाश म्हणाला, “ते कंपनीवाले म्हणत्यात गं. खाली बसची वाट बघत बसत्यात, डब्याच्या पिशव्या फांद्यांना अडकवत्यात. म्हणून डब्या.”

“कवापासनं?”

“मी पण पार्सलवाल्याला तेच सांगते की,” तनुजा दारातून म्हणाली. “डब्या आंब्याजवळचं घर. सगळेच म्हणतात, आई.”

“आन मला कुणी बोललं न्हाई?”

“तुम्ही चव घेऊन ठेवणार होता ना. आम्हाला वाटलं, हे काय नाव आहे होय!”

अंबुबाईंनी लसणाचं सुपडं बाजूला सारलं. गुडघ्यावर हात देत उठल्या आणि कुणाचा आधार न घेता, भिंत धरत, खोल्यांच्या कडेने मागे निघाल्या. जयदीप मागोमाग.

झाडाखाली पहिल्या शिफ्टची माणसं बसली होती. खालच्या फांदीला पिशव्या लटकत होत्या, निळ्या, लाल, एक कुणीतरी स्वेटरच्या लोकरीची विणलेली. म्हातारी बघून दोघंतिघं जागा द्यायला उठले. पलीकडे जेसीबी धडधडत उभा होता आणि ड्रायव्हर वरून विचारत होता, “दादा, डब्यापाशी तर पोचलो. आता काढायचं झाड कुठलं?”

जयदीपने आईकडे पाहिलं. तिने खोडावर हात ठेवला होता.

“झाड न्हाई काढायचं, भावा,” तो म्हणाला. “त्याला नाव हाय.”

मग त्यानेच वाळूजला फोन लावून आईच्या हातात दिला. विजयश्री पलीकडून ‘काय ठेवलाव काकू, काय ठेवलाव?’ असं विचारत राहिली. अंबुबाईंची ती सगळ्या गावाला भारी पडणारी जीभ काही केल्या हलेना, आणि शेवटी नाव जयदीपलाच सांगावं लागलं.