साकवावरचा टपालवाला

दशरथरावांचे काम मी प्रथम पाहिले ते १९८४ साली, अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतील एका गाळ्यात. कुडाळकडे कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारे त्यांचे घराणे. मुंबईत येऊन त्यांनी वीस वर्षे स्टुडिओत पडदे रंगविले आणि तेथेच, कोणी न शिकविता, दोरीवाचून बाहुली चालविण्याची विद्या साध्य करून घेतली. बाहुली केसभर हलवायची, कॅमेऱ्याने एक चित्र टिपायचे, पुन्हा केसभर हलवायची. अशी चोवीस चित्रे होत, तेव्हा पडद्यावर एक सेकंद सरे. नाटक चालविणाऱ्यास आपण सूत्रधार म्हणतो. सूत्रच सोडून दिलेला सूत्रधार मी आयुष्यात एकच पाहिला.

त्या आश्विनात ते कोकणातल्या एका टपालवाल्याचा सात मिनिटांचा चित्रपट करीत होते. दूरदर्शनच्या अधिकाऱ्यांना तो पसंत पडला तर पुढे मालिका मिळणार होती. न पडला तर पुन्हा पडदे रंगविणे. एकच दृश्य उरले होते. ओढ्यावरचा लाकडी साकव टपालवाला ओलांडतो. तीन दिवसांत एकशे नव्वद चित्रे झाली होती आणि फिल्म परवा सकाळी धुवायला द्यायची होती.

दिवेलागणीला आम्ही दोघे चहाला गेलो. परत येऊन पाहतो तो साकव रिकामा. टपालवाला घडी केलेल्या लुगड्यावर निजलेला, पिशवी उशाशी. गाळ्यातच मुलाजवळ राहणाऱ्या दशरथरावांच्या मातोश्री जानकीबाई कोपऱ्यातल्या देवापुढे वात लावीत होत्या.

"आये, हेका कोणी काढलो?"

"मी. तीन दिस एका पायार उभो, वर खांद्यार ओझा. तुझ्या बापाशीन बाहुलो उभो ठेवन कधी दिवो मालवलो काय रे?"

"आये, तो चलता हा."

"चलता? माका तर उभोच दिसता."

मी हळूच विचारले, "पुन्हा तसाच ठेवता येणार नाही?"

"ठेवता येईल, गुरुजी. पण केसभर फरक राहीलच, आणि पडद्यावर तो दचकेल."

एवढे बोलून ते खाली बसले आणि त्या निजलेल्या बाहुल्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग उठून त्यांनी कॅमेरा आणि दिवे साकवावरून काढून लुगड्याशी आणले.

"आये, बाबा निजलेल्या बाहुल्याक श्वास कसो देयत?"

"नखान. दोरयेक नख लावन सोडीत. बघणाऱ्याक दिसाक नये, पण कळाक होया."

दुसरा सबंध दिवस त्यांनी टपालवाल्याच्या सदऱ्याखाली बांबूची पातळ चोय सरकवीत घालविला. चोय किती सरकली, हे शेजारी बसूनही मला कधी दिसले नाही.

पंधरा दिवसांनी चित्रपट दाखविला गेला. वरिष्ठ अधिकारी पहिल्यापासून शेजाऱ्याशी मोठ्याने बोलत होते. पाय उचललेला टपालवाला साकवावर दिसला आणि लगेच पुढच्या दृश्यात, जणू पलीकडच्या काठावर पोचून, लुगड्यावर निजलेला. त्याची छाती वर आली, खाली गेली. अधिकाऱ्यांचा आवाज आपोआप उतरला. दशरथरावांकडे झुकून ते अगदी हळू म्हणाले,

"पुढचे भाग किती दिवसांत द्याल?"

"वर्ष लागेल," दशरथरावही तितक्याच हळू म्हणाले.

"लागू द्या."