धोंडुबाईचं बेट

मंगळवार, ७ मार्च २००६. सकाळी सव्वाअकरा वाजता राजारामपुरीतली वीज गेली. गणपतरावांच्या ग्राफिक्सच्या दुकानातल्या यूपीएसनं बारा मिनिटं तग धरला, मग तोही बंद पडला. शांभवीच्या पडद्यावरचं चित्र तेव्हा अठ्ठ्याहत्तर टक्के झालं होतं.

थ्रीडीच्या चित्रात झाडं, दगड, माती मांडून झाली की संगणक एकेक ठिपका घेऊन त्यावर ऊन-सावली चढवत जातो. त्याला रेंडरिंग म्हणतात. मधेच वीज गेली की पुन्हा पहिल्या ठिपक्यापासून. हे रेंडरिंग सोमवारी दुपारी दोनला सुरू केलं होतं. भारनियमनाची पुढची पाळी बुधवारी दुपारी होती. मधे वीज जायची नव्हती. गेली.

आणि बुधवारी सकाळी नऊ वाजता धोंडुबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. एक डोळा आधीच गेलेला. दुसऱ्याची डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती. तो आहे तोवर तिला बेट बघायचं होतं.

मुळात उशीर झाला तो शांभवीमुळे. पंधरा दिवसांपूर्वी धोंडुबाईचा मुलगा आकाराम फोनवर म्हणाला होता, "आईसाठी बेटाचं चित्र पायजे. शांत. झाडी दाट, कडंनं पाणी."

"मोठं बेट?"

"मोठंच की. हत्ती लपंल एवढं."

शांभवी गडहिंग्लजकडची. घरात कन्नड. तिथं बेट्ट म्हणजे डोंगर, आणि शाळेच्या भूगोलात बेट म्हणजे समुद्रातलं. तिनं दोन्ही केलं. निळा समुद्र, मधे हिरवा डोंगर, वाळूवर नारळाच्या सावल्या. वाढदिवसाचे फलक करून कंटाळलेल्या हाताला नऊ दिवस दुसरं काही सुचलं नाही. लाट वाळूला टेकते तिथली ओली कड तिनं चार वेळा बदलली.

शुक्रवारी आकाराम दुकानात आला. चित्र बघत बराच वेळ उभा राहिला.

"झ्याक हाय. आन् बेट कुठाय ह्यात?"

"हे काय," शांभवीनं बोट ठेवलं.

"ह्यो डोंगर झाला. आमचं बेट कळकाचं हाय वो, राधानगरीकडचं. समुद्र कशाला आणलासा?"

कळक म्हणजे बांबू, हे शांभवीला माहीत होतं. त्याच्या जाळीला बेट म्हणतात, हे नव्हतं.

गणपतराव खुर्चीतून म्हणाले, "पावणं, तुम्ही बेट मागितलं, पोरीनं लक्षद्वीप दिलं. भाडं वाचलं की तुमचं."

आकाराम हसला, पण लगेच थांबला. "बुधवारी ऑपरेशन हाय तिचं."

"तिथं जाऊन फोटो काढला तर?" शांभवीनं विचारलं.

"बेट न्हाय आता. तीन वर्सं झाली. फुलोरा आला आन् समदं वाळून गेलं. कळक फुलला की मरतोय."

शनिवारी सकाळी शांभवी वही घेऊन आकारामच्या फ्लॅटवर गेली. सॉफ्टवेअरमध्ये नारळ तयार मिळत होता, सुरूचं झाड मिळत होतं, कळक नव्हता. एकेक कांडं स्वतः घडवायचं तर ते पाहिलेल्या माणसाला विचारायला हवं होतं.

धोंडुबाई खिडकीशी पलंगावर बसली होती. शांभवीनं वहीत काढलेला बांबू तिनं उरलेल्या डोळ्याजवळ नेला.

"ह्यो कळक न्हाय, लाइटीचा खांब हाय. माथ्याला वाकीव. पार वाकीव, सासूम्होरं सून वाकती तसा."

शांभवीनं वाकवला. मग बुडाशी कोंब किती, वाळका पाला किती, वाट कुठून शिरते, असं सगळं लिहून घेतलं. पाण्याशी अडलं.

"ओढा कुठल्या बाजूला काढू आज्जी?"

"वढा मागं. दिसत न्हवता, नुसता ऐकू यायचा."

"आणि तिथं काय होतं एवढं? देव वगैरे?"

धोंडुबाईनं दाराशी उभ्या आकारामकडं मान वळवली. "आकाराम, च्या सांग जा पोरीला." तो गेल्यावर ती खालच्या आवाजात म्हणाली, "देव कशाला असतोय तितं? बायका परसाकडंला जायाच्या बेटात."

शांभवीला हसू आलं.

"हसतीस काय? चौदा माणसांचं घर. धोंडे पाणी आण, धोंडे वैरण टाक, धोंडे पोरगं रडतंय. समदा दीस नावाचा पुकारा. पर बेटाकडं गेलीया म्हटलं की कुणी हाक मारायचं न्हाय. सासू सुदीक न्हाय. मग मी तांब्या ठिवायचो बाजूला आन् निवांत बसायचो. काय करत न्हवतो. बसायचो नुसता."

"किती वेळ?"

"सासूला संशय येस्तवर."

चहा आला. धोंडुबाई पुन्हा कळकाच्या कोंबांवर आली.

रविवार आणि सोमवारची सकाळ शांभवीनं कळकात घालवली. समुद्राचं चित्र गणपतरावांनी दुकानात टांगलं. लग्नाच्या अल्बमात नवरा-नवरीच्या मागं घालायला बरं, म्हणाले. तिला दुकानात दिवसभर हाका पडत होत्या. कुणाचा फलक, कुणाची पत्रिका, कुणाच्या नावातली वेलांटी. प्रत्येक हाकेला ती उठत होती आणि परत येऊन पानं लावत होती.

मंगळवारी वीज आली ती दोन वाजून चाळीस मिनिटांनी. पुन्हा सत्तावीस तास मिळणार नव्हते. शांभवीनं हौसेनं पाल्यामागं घातलेला चमकता ओढा काढून टाकला. नाहीतरी आज्जीला तो बेटातून दिसत नव्हताच. वेळ एकोणीस तासांवर आली. म्हणजे बुधवारी सकाळी पावणेदहा.

"पानं निम्मी कर," गणपतराव म्हणाले. "पहाटेच्या आत होतंय. म्हातारीला काय कळणार हाय?"

शांभवीनं फोन उचलला. आकारामच्या घरचा नंबर लावला आणि धोंडुबाईला द्यायला सांगितलं.

"आज्जी, पानं कमी केली तर उद्या तुम्ही निघायच्या आधी चित्र मिळेल. सगळी ठेवली तर तुम्ही दवाखान्यात गेल्यावर."



"पानं इरळ केलीस तर आत बसल्यालं दिसंल की गं."

"पण ऑपरेशननंतर..."

"ठावं हाय मला. ऱ्हाऊ दे दाट."

चित्र बुधवारी सकाळी नऊ वाजून पन्नास मिनिटांनी पूर्ण झालं. तेव्हा धोंडुबाई ऑपरेशनच्या टेबलावर होती. साडेअकराला छापील प्रत आकारामच्या हातात पडली. ऑपरेशन व्यवस्थित झालं, दिसेल की नाही ते पट्टी सुटल्यावरच कळेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

शुक्रवारी संध्याकाळी आकारामचा दुकानात फोन आला. आईला पट्टीसकट घरी आणलं होतं. चित्र पलंगासमोरच्या भिंतीवर लावलं होतं.

"आईनं इच्यारलं, पाला दाट हाय का. म्हटलं, हाय. मग म्हणती, त्यात मी दिसतो का बघ." त्यानं आवाज खाली आणला. "माणूसच न्हाय की वो चित्रात. मी म्हटलं, न्हाय दिसत."

"मग?"

"मग बराबर हाय, म्हणाली. आन् भिंतीकडं तोंड करून बसलीया मघापासनं. हाक मारली तरी ओ देत न्हाय."

पट्टी शनिवारी सकाळी दहा वाजता सुटायची आहे.