मधुकररावांचं बिनतारी अध्यक्षपद

ज्ञानाला भिंती नसतात. मोहाडीच्या मधुकरराव सोनकुसरे सरांनी कॉलेजात मराठी शिकवताना हे वाक्य इतक्यांदा सांगितलं होतं, की निवृत्त होईपर्यंत ते त्यांना स्वतःलाही पटू लागलं होतं. मग घरात इंटरनेट आलं आणि कळलं, की ज्ञानाला एक भिंत असते. ती बैठक आणि मागची खोली यांच्यामध्ये असते.

राउटर बैठकीत टीव्हीशेजारी, संगणक मागच्या खोलीत. राउटर बिचारा हवेतून नेट सोडत होता, पण संगणक जुना. हवेतलं काही घेण्याची सोय त्याच्या अंगी नव्हती. हे बरीच वर्षं कुणाला खुपलं नाही. सर संगणकावर फक्त लेख टाइप करत, आणि ते कुणी मागत नसल्यामुळे पाठवण्याचा प्रश्नच येत नसे.

करोनाच्या त्या वर्षात मात्र सगळ्या सभा पडद्यावर भरू लागल्या, आणि एके दिवशी भंडाऱ्याहून लक्ष्मणरावांचा फोन आला. लक्ष्मणराव तिथलं साहित्य मंडळ चालवत, म्हणजे कोणाला कुठे बसवायचं ते ठरवत.

"सर, हातमागाच्या बोलीवर ऑनलाइन परिसंवाद ठेवून राहिलो. अध्यक्ष तुम्ही."

सर फोन हातात घेऊन उभेच राहिले. घराणं विणकराचं. वडिलांचा जन्म मागावर गेला, आणि सरांचा मागावरचे शब्द गोळा करण्यात. जिल्ह्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या विषयावर कुठेही कार्यक्रम असला की सरांना हमखास बोलावत, अध्यक्षांचा परिचय वाचायला. आयुष्यभर दुसऱ्यांची थोरवी वाचून सरांचा आवाज भारदस्त झाला होता, एवढीच काय ती मिळकत. आता खुर्ची स्वतःची होती. ही हुकली तर दुसरी येणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"मोबाईलवरून बोला ना," त्यांच्या पत्नी कौशल्याबाई म्हणाल्या. "सारी दुनिया बोलून राहिली."

"अवं, अध्यक्ष मोबाईल हातात धरून बोलते काय? वांग्याचा भाव इचारून राहिला असं वाटन."

"मंग कम्प्युटर बैठकीत आणा."

"तिथं माह्या मागं काय दिसन? तुही शिलाई मशीन. मागच्या खोलीत पुस्तकाचं कपाट आहे."

"तं राउटर मागं न्या."

"नेतो. टीव्ही त्याच्यावरच चालते, तुह्या सिरियलचं पाहून घे."

प्रश्न तिथेच मिटला आणि सर भंडाऱ्याला निघाले.

दुकान खुशालचं होतं. खुशाल सरांचा विद्यार्थी, मराठीत नापास झाल्यामुळे वेळेवर धंद्याला लागलेला. त्याने काउंटरवर दोन वस्तू ठेवल्या. दोन्ही संगणकाच्या यूएसबीत खोचायच्या, आणि दोन्ही हवेतलं नेट ओढणार.

"हा लहाना घ्या सर. लावला का दिसतही नाही."

"दिसत नाही तर घ्यायचा कशाला?"

सरांनी तो तळहातावर घेऊन पाहिला. चिंचोक्याएवढा. जन्मभराची तपश्चर्या चिंचोक्यावर टांगणं त्यांच्या मनाला येईना. दुसऱ्याला मात्र बैलाच्या शिंगांसारखे दोन अँटेना होते. तो सरांना एकदम विद्वान वाटला. कॉलेजच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं निवडतानाही ते हीच कसोटी लावत: हातात जड लागलं पाहिजे.

"याले ड्युअल बँड म्हणते, सर."

"म्हणजे काय?"

खुशालने खोक्याकडे पाहिलं. "म्हणजे दोन असते जी."

सरांनी गंभीरपणे मान हलवली. वर्गात त्यांनीही काव्यशास्त्र असंच शिकवलं होतं.

"दोन बँड?" कौशल्याबाईंनी घरी विचारलं. "लगन आहे काय कोणाचं?" पण नवी वस्तू घरात आली की हळदकुंकू लागलंच पाहिजे, म्हणून त्या करंडा घेऊन आल्या. कुंकू यूएसबीच्या तोंडात जाऊ नये म्हणून सरांनी मधे तळहात धरला. त्यामुळे पूजा मुख्यतः सरांच्या हाताची झाली.

खोक्यात एक सीडी होती. ती घातल्याशिवाय संगणक शिंगांना ओळख देणार नव्हता. संगणकाचा सीडीचा कप्पा थापडा मारल्यावर उघडला, सीडी घेतली आणि कायमचा मिटला. माहितीपत्रकात लिहिलं होतं, सीडी चालत नसेल तर हेच सॉफ्टवेअर इंटरनेटवरून घ्यावं. म्हणजे नेटसाठी सॉफ्टवेअर हवं आणि सॉफ्टवेअरसाठी नेट हवं. सरांनी खुशालला फोन लावला.

"काकूचा मोबाईल वायरनं कम्प्युटरले जोडा, सर. नेट त्याच्यातून येते."

जोडला. क्षणात संगणकावर नेट सुरू झालं. नुसतं सुरू नाही, धावू लागलं.

"आलं ना?" कौशल्याबाई म्हणाल्या. "मंग आता हे शिंगं कायले पायजे?"

"हे तात्पुरतं आहे."

"पण चालून राहिलं ना जी."

"मोबाईलच्या वायरीवर अध्यक्षपद करू काय मी?" असं म्हणून सरांनी सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि चालतं नेट स्वतःच्या हाताने उपटलं.

शिंगं लागली. हिरवा दिवा लुकलुकला. पडद्यावर नेटची एक काडी उगवली आणि तीही सरांचं तोंड पाहून मावळली.

"मधात काही धातू आहे का, सर?" फोनवरून खुशालने विचारलं. हा प्रश्न तो प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत असावा, पण इथे तो लागू पडला. मधल्या भिंतीवर जमिनीपासून आढ्यापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर पितळ: पाण्याचे गुंड, घागरी, पराती, डबे. भंडाऱ्याकडची पोर सासरी जेवढं पितळ घेऊन येते, तेवढं सगळं, चिंचेनं घासून लखलखीत. त्या भिंतीतून उन्हाळ्याची झळही आत येत नसे.

"थोडे दिवस खाली ठेवू," सर म्हणाले.

"माह्या मायनं देल्ले गुंड हायत. तुमच्या भाषणासाठी उतरवाचे?"

गुंड जागेवरच राहिले. त्या घरातलं अध्यक्षपद आधीच भरलेलं होतं.

शेवटी खुशालकडून लांब वायर आली. तिचं एक टोक संगणकात आणि दुसऱ्या टोकाला शिंगं. ती दाराच्या चौकटीवर, तोरणाच्या खिळ्याला टांगली. वायर नको म्हणून आणलेली वस्तू आता वायरीला लोंबकळत होती, पण काड्या पूर्ण भरल्या. सरांनी बातम्या उघडून पाहिल्या, वैनगंगेच्या पुराचा एक व्हिडिओ पाहिला. कुठेही अडकला नाही.

"एकडाव बोलून पाहा ना त्या लक्ष्मणरावाशी," कौशल्याबाईंनी सुचवलं.

"तालीम वक्त्यांनी करायची असते. अध्यक्ष एकदम येते."

परिसंवादाच्या दिवशी सर इस्त्रीचा सदरा घालून, खांद्यावर वडिलांनी विणलेलं कोशाच्या रेशमाचं उपरणं टाकून, कपाटाकडे पाठ करून बसले. कौशल्याबाईंना मागून जायला मनाई होती. त्या दाराशी पाटावर बसल्या. पडद्यावर चौकोनाचौकोनात माणसं दिसू लागली. सरांच्या चौकोनात तेवढं हिरव्या रंगावर 'म' असं अक्षर होतं. बाकी सगळ्यांना चेहरे आणि आपल्याला अक्षर, हे सरांना शोभलं. अध्यक्षांसाठी तशी सोय असावी.

वक्ते झाले. लक्ष्मणराव म्हणाले, "आता अध्यक्षीय भाषण. सर्वांनी आपापले माईक बंद करावे. सर बोलत असताना कोणीही मधात बोलू नये."

सर बोलले. लिहिलेलं बाजूला ठेवून बोलले. धोटा इकडून तिकडे फेकताना वडील कसे हुंकार देत, तुटलेला धागा जोडताना त्याच्याशी कसे लेकराशी बोलावं तसे बोलत, हे सांगताना त्यांनी उपरण्याचा काठ चिमटीत धरला. हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. दाराशी कौशल्याबाईंनी डोळ्याला पदर लावला.

पडद्यावरही परिणाम दिसत होता. एकाने डोळे मिटून फोन कानाशी धरला. शहापूरच्या शकुनबाई तर इतक्या हलल्या, की उठून थेट गच्चीवर गेल्या. त्यांच्या चौकोनात नुसतं आभाळ दिसू लागलं. लक्ष्मणराव सावकाश मान डोलवत होते. त्यांचं पाहून बाकीचेही डोलवू लागले. इतकी शांत सभा सरांनी जन्मात पाहिली नव्हती.

मग लक्ष्मणरावांनी कागद काढून आभार वाचले. अध्यक्षांनी अत्यंत मौलिक मार्गदर्शन केलं, त्यांच्या ओघवत्या वाणीने आपण सारे भारावून गेलो. चौकोनाचौकोनातून टाळ्या झाल्या.

थोड्या वेळाने शकुनबाईंचा फोन आला. "सर, लय सुंदर बोलले जी. आमच्या इकडं नेट जरा कमजोर होतं, मधातलं थोडं सुटलं."

"कुठलं सुटलं?"

"थोडंसंच जी," त्या घाईने म्हणाल्या.

"मले तं सारं आयकू आलं," कौशल्याबाई म्हणाल्या. "सासऱ्याचं बोलणं तुमी इतक्या वर्सांत मले कधी सांगतलं नाही."

संगणकाला माईक नव्हता. कॅमेराही नव्हता.