शेऱ्याचा रकाना

भागिरथीबाईंचं श्रीगोंद्यातलं वधूवर केंद्र एकोणचाळीस वर्षांचं. त्यातली तीस वर्षं नुसती डोक्यावर चालली. कोणाच्या मुलीचं ठरलेलं मोडलं, कोणाचा मुलगा पितो, हे लोक दाराआड सांगत आणि ते बाईंच्या पोटातच राही. सत्तरीनंतर नावं निसटू लागली, तेव्हा बहिणीची वृषाली म्हणाली, "मावशी, तू सांग, मी कॉम्प्युटरवर घेते. पासवर्ड टाकला की कोणाला दिसायचं नाही." तो सबंध उन्हाळा दुपारी दार लावून बाई सांगत राहिल्या आणि प्रत्येक स्थळापुढचा शेऱ्याचा रकाना भरत गेला.

कॉम्प्युटर कोणी उचलून नेऊ नये म्हणून बाईंनी घोडेगावच्या बाजारातून म्हशीची साखळी आणवली आणि तिनं तो टेबलाच्या पायाला कुलपात बांधला. मशीन बिघडलंच तर असावी म्हणून सगळ्याची एक प्रत वृषाली पेन ड्राइव्हवर घरी ठेवायची. पोरगी किती पुढचं बघते, असं बाईंना वाटायचं. तिनं नगरला स्वतःचं केंद्र काढलं तेव्हा त्यांनी ओटी भरून तिला पाठवलं होतं.

मंगळवारी सकाळी छबूबाई आली ती दारातच थांबली.

"माज्या संस्कृतीचं लगीन मोडलं."

"कसं गं?"

"नगरच्या केंद्रातल्या बाईनं पोराच्या आईला फोन केला. पोरीला लहानपनी फिट यायच्या म्हनली, आमच्याकडं बिनदोष स्थळ हाय म्हनली. बाई, त्ये मी तुमाला एकटीला सांगितलं हुतं. माज्या जावंला बी ठावं न्हाई."

बाईंनी तिच्यासमोरच वृषालीला फोन लावला.

"शेरे नेलेस तू?"

"तुझं काय गेलंय, मावशी? कॉम्प्युटर जागेवर, माहिती जागेवर. साखळी बघ तपासून. आणि टाईप कोणी केलं होतं?"

"तू केलंस. पण लोकांनी सांगितलं मला होतं."

वृषालीनं फोन ठेवला.

बाईंनी कॉम्प्युटर उघडला. एकही ओळ कमी नव्हती. घर फुटलं असतं तर शेजारपाजार जमला असता, पोलिसांत जाता आलं असतं. आता कोणाला काय दाखवायचं? आपल्याच मांडीवर वाढलेल्या पोरीनं आपलं पोट उसवून नेलं होतं.

"माजं झालं त्ये झालं," छबूबाई म्हणाली. "बाकीच्या पोरींचं काय?"

बाईंनी कागद ओढला. शेरा असलेली एक्केचाळीस घरं निघाली. रंगुबाईच्या मुलीची सुपारी शुक्रवारी फुटायची होती, म्हणून तिचं नाव त्यांनी सगळ्यात वर लिहिलं.

दुपारी रंगुबाईनं दार उघडलं, लगबगीनं सतरंजी अंथरली. "या की बाई, शुक्रवारच्या सुपारीचं आवतन द्यायला मीच येनार हुते. बसा, च्या टाकते."

भागिरथीबाई उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"आधी ऐकून घे," त्या म्हणाल्या. "मग बस म्हणायचं का ते ठरव."