आज राहू दे

शिंप्याने बायकोला उभ्या जन्मात कधी दुखवलं नव्हतं, आणि शेवटी तेच तिला भोवलं.

ती न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. वय अठ्ठ्याहत्तर, त्यात मधुमेह. तरी ऑपरेशन छान झालं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेतलं. "आजोबा, हाड आम्ही जोडलं, पुढचं तुमच्या हातात. रोज उठवून वॉकरने चालवायचं. नुसत्या पडून राहिल्या तर छातीत कफ साठेल, पाठीला जखमा होतील. रडल्या तरी ऐकायचं नाही."

पहिल्याच दिवशी त्याने तिला उभं केलं. जन्मभर शाळेतली पोरं धाकात ठेवलेली बाई, पण कळ आली तशी त्याचा दंड धरून म्हणाली, "आज राहू दे ना. उद्या नक्की." त्याला गलबलून आलं. त्याने तिला अलगद निजवलं.

उद्याचा परवा झाला. लघवीचं भांडं मागावं लागतं म्हणून ती पाणीच टाळायची. जेवण दोन घासांवर आलं. परगावची लेक रोज फोन करायची, "चालली का आई?"

"हो, दारापर्यंत गेली."

बायको अंथरुणातून हसायची. "खोटं बोलायला बरे शिकलात या वयात."

सोळाव्या दिवशी सकाळी ती तापाने फणफणली. छाती घरघरत होती. "घंटा झाली, वर्गात जा," असं ती नवऱ्यालाच दरडावू लागली. पुन्हा तेच हॉस्पिटल, तोच वॉर्ड. नर्सने तिला कुशीवर वळवलं, तेव्हा माकडहाडावरची तळहाताएवढी जखम त्याने पहिल्यांदा पाहिली.

लेक धावत आली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रोज किती चालत होत्या?"

"दारापर्यंत," लेक म्हणाली.

शिंप्याने मान खाली घातली. "एकदाही नाही."

"बाबा, मी रोज विचारत होते."

"तिला दुखत होतं गं."

न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरला होता. पाचव्या दिवशी दुपारी ती गेली.

लेक आठवडाभर राहिली. वेळच्या वेळी ताट वाढायची, पण 'बाबा' म्हणून हाक काही मारली नाही. ती निघाली तेव्हा तो म्हणाला, "काहीतरी बोल मला. शिव्या दे हवं तर."

"जेवत जा वेळेवर," चपला घालत ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.